नुब्ताच्या वाटणीचे पाणी

दारे काढायला माणसे आली तेव्हा मी कोपऱ्यातल्या नळीत पाणी घालत होते. वाटी अर्धी झाली होती. मध्येच थांबायचे नसते, म्हणून मी मागे वळून पाहिले नाही.

मुकादम इलूबानी उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्यामागे दोघे जण पहारी घेऊन उभे होते. एकाने चौकटीला हात लावला तशी मुकादम हळूच म्हणाला, "थांब रे. बाई पाणी देताहेत."

मी उरलेले पाणी घातले, भाकरीचा तुकडा नळीच्या तोंडाशी ठेवला आणि रोजच्यासारखी हाक मारली. "नुब्ता, ये बाळा. पी." मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"झालं?" मुकादमाने विचारले.

"झालं. आत या, बसा."

"बसत नाही, बानीतूबाई. हुकूम आला आहे. नवे राजे निनवेला राहणार. राजधानी तिकडे चालली. पाथरवट, सुतार, वीटवाले, सगळ्यांनी घरं रिकामी करायची. दारं, तुळया, चौकटी आधी जाणार. लाकूड राजाचं."

"आणि आम्ही?"

"एकोणिसाव्याला निघायचं. आज सतरा."

दूर-शर्रुकीन हे शहर थोरल्या राजांनी माळावर नव्याने उभारले होते. दहा वर्षे काम चालले. मी लग्न होऊन आले तेव्हा तटाची अर्धी भिंत व्हायची होती, आणि वाड्याच्या दारांवर पंखांचे दगडी बैल अजून उभे राहायचे होते. माझे यजमान रिमानी ते बैल घडवीत. मग थोरले राजे उत्तरेच्या डोंगरात लढाईला गेले आणि पडले. त्यांचे शरीर सापडले नाही. ज्याला पुरले नाही त्याला पाणी कुठे देणार? पुजारी म्हणाले, असा राजा तहानेने भटकतो आणि त्याचे शहर राहण्याजोगे उरत नाही. नव्या राजांनी ते ऐकले.

आमच्याकडे मृत माणसाला घराच्या जमिनीखालीच ठेवतात. वर मातीची नळी बसवतात. घरातले कोणी तरी तिच्यातून पाणी सोडते आणि नाव घेऊन हाक मारते. एवढे चालू असले की खालचे माणूस निवांत असते. आमच्या घराखाली एकच जण होती. नुब्ता, माझी मुलगी. नुब्ता म्हणजे मधमाशी. दिवसभर गुणगुणत असायची, म्हणून हे नाव. एक वर्ष सात महिन्यांची असताना तापाने गेली. नव्या शहरात आमच्या गल्लीतले पहिले मरण तिचे. त्या दिवसापासून मी नेम धरला होता की तिला पाणी दिल्याशिवाय आपल्या तोंडात काही घालायचे नाही. दीड वर्षात तो एकदाही चुकला नव्हता.

मी मुकादमाला म्हटले, "एकोणिसावा दिवस गुला देवीच्या रागाचा. त्या दिवशी कोणी उंबरा ओलांडून प्रवासाला निघत नाही."

"हुकूम काढणाऱ्याला ते कोण सांगणार?"

"तुम्ही सांगू नका. पण त्या दिवशी गाडीचा बैल लंगडला, चाक मोडलं, तर लोक तुम्हालाच विचारतील."

मुकादम हसला. देवभीरू माणूस होता, आणि बैलांना जपणारा. "तुम्ही आवाज न चढवता माणसाला बरोबर कोंडीत धरता, बाई. वीस. सूर्य उगवायच्या आत. तुमचं दार मी शेवटी काढीन."

*

दुपारी हे कामावरून आले. हातपाय धुतले, भाकरी पुढे घेतली आणि तशीच ठेवली.

"मडकं बरोबर नेऊ," हे म्हणाले. नुब्ताला आम्ही मडक्यात निजवले होते, लहान मुलांना तसेच ठेवतात. "गाडीत भुसा घालू, वर गोधड्या. कोणी विचारणार नाही."

"अहो, हाडं शत्रूची उपसतात."

राजांनी जिंकलेल्या गावांत काय केले ते यांनी स्वतःच्या हाताने वाड्याच्या भिंतींवर कोरले होते. कबरी उघडायच्या, हाडे गाड्यांत भरायची, म्हणजे त्या लोकांच्या पूर्वजांना पुन्हा कधी झोप मिळत नाही. लेकराला झोपेतून उठवून मी गाडीत घालणार नव्हते.

"मग महिन्याला एकदा येऊन जाऊ. एका दिवसाची वाट आहे."

"येऊ की. पण छप्पर काढल्यावर मातीच्या भिंती किती टिकतील? दोन हिवाळ्यांच्या पावसात सगळी गल्ली एक ढिगारा होईल. हे घर कुठलं आणि ते कुठलं, ओळखायचं कसं? आणि मधल्या एकोणतीस दिवसांत तिला कोण हाक मारणार?"

यांचे पूर्वज अश्शूरमधून कलहूला आले, कारण राजा कलहूला आला. वडील कलहूलाच संपले. राजा बदलला की पाथरवटाची चूल हलते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण मागे प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी राहिले होते. कलहूच्या घरातले पाणी थोरले दीर अजून घालत होते. इथे मागे राहणार होते फक्त वाड्यावरचे पहारेकरी. खालच्या वस्तीत कोणी चूल पेटवायची नाही, असा हुकूमच होता.

"काही तरी कर," हे म्हणाले. हे मला कधी तसे म्हणत नसत. "तू कर. मला सुचत नाही."

*

अठराव्याला सकाळी पाणी देऊन मी नबूझेर काकांकडे गेले. ते वाड्याचे लेखनिक. दगडावर काय कोरायचे ते गेरूने आधी ते लिहीत आणि त्यावरून पाथरवट छिन्नी चालवीत. ते मोठ्या दारापाशी एका आडव्या पडलेल्या बैलाच्या पंखाला टेकून बसले होते. लिहिलेल्या मातीच्या पाट्या पेटाऱ्यांत भरायचे काम चालले होते.

"ये पोरी. तुझा नवरा कुठे आहे? याचा एक खूर राहिलाय."

"आता कशाला खूर?"

"तेच म्हणतो मी. तसे पाच पाय आहेतच, एक खूर कमी असला तरी उभा राहील." समोरून पाहणाऱ्याला दोन आणि बाजूने पाहणाऱ्याला चार पाय दिसावेत म्हणून त्या बैलांना पाच पाय करीत. काका त्यावरून यांना नेहमी चिडवीत. "पाय मोजता येत नाहीत आणि मला विचारतो, काका, अक्षर नीट आलं का."

मी त्यांच्यासमोर बसले. "काका, दगडांच्या पाठीमागे तुम्ही लिहिता ते काय असतं? भिंतीकडे तोंड असतं ते."

"ते माणसांसाठी नसतं. देवांसाठी असतं. आणि पुढे कधी वाडा पडला तर तो बांधायला येईल त्या राजासाठी."

"त्यात काय म्हणतात?"

काकांनी डोळे मिटून म्हटले, शेकडो वेळा लिहिलेले होते ते. "पुढे येणाऱ्या राजा, हा वाडा जुना होऊन ढासळला तर तू नीट कर. माझं नाव सापडलं तर त्याला तेल लाव, नैवेद्य दाखव, आणि होतं तिथं परत ठेव. देव तुझं ऐकतील."

"तसं मला एक लिहून द्या. पाटीवर. नुब्तासाठी."

काकांनी डोळे उघडले.

"पोरी, हे बोल राजांचे. पाथरवटाच्या मुलीच्या नावापुढे ते लिहिले तर माझी लिहायची कांडी काढून घेतील. हातही घेतील."

"तेल नको मागायला. नैवेद्यही नको. नुसतं पाणी."

"तेच ते."

"काका, तहान फक्त राजांनाच लागते असं कुठे लिहिलं आहे का?"

मला तिथेच उठावेसे वाटले, पण मनात आलेले बोलायचे राहिले असते.

"या सगळ्या दगडांच्या पाठीवर थोरल्या राजांचं नाव आहे. आख्खं शहर त्यांच्या नावाचं. आणि त्यांना वाटीभर पाणी घालायचं तर आज जागा सापडत नाही. माझ्या मुलीची जागा मला माहीत आहे. ती पुसली जाऊ नये, एवढंच."

काकांनी आजूबाजूला पाहिले. हमाल पेटारे बांधत होते.

"हळू बोल," ते म्हणाले. मी मुळातच हळू बोलत होते. "आणि समजा दिलं लिहून. तुझ्या पडक्या घरात येणार कोण? मेंढ्या चारणारा, नाही तर विटा चोरणारा. त्याला वाचता येईल का? तुझ्या नवऱ्याला तरी येतं का?" त्यांनी पुन्हा पाट्या हाती घेतल्या. "जा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

घरी येऊन मी यांना सगळे सांगितले. काकांचे शेवटचे बोलणेही सांगितले, की येईल त्याला वाचता येणार नाही. हे ऐकत होते.

*

एकोणिसाव्याला कोणी कामाला हात लावत नाही. छिन्नी नाही, कांडी नाही, सुई नाही. वैद्यसुद्धा आजाऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. मी पहाटे पाणी दिले आणि गुला देवीचे जनावर म्हणून घरात ठेवलेल्या मातीच्या कुत्र्यापुढे बसून राहिले. सगळ्या गल्लीला दारे नव्हती. शेजारच्या घरातून सरळ पलीकडचे आभाळ दिसत होते. फक्त आमचे दार जागेवर होते.

सकाळीच हे बाहेर गेले. दुपारी वाऱ्याबरोबर वाड्याच्या बाजूने आवाज आला. टक, टक. थोडे थांबून पुन्हा टक, टक. त्या हाताचा ठोका मी झोपेतही ओळखला असता. रागाच्या दिवशी छिन्नी उचलली होती यांनी.

मी कधी नेम मोडला नाही आणि घरात कोणाला मोडू दिला नाही. उठून जावे आणि थांबवावे, असे दोनदा वाटले. मी देवीला एवढेच म्हटले, "राग माझ्यावर काढ." आणि बसून राहिले.

आमचा दिवस सूर्य मावळला की संपतो आणि पुढचा लागतो. सूर्य तटामागे गेला आणि दारावर थाप पडली. नबूझेर काका होते. काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा होता.

"वीस लागली," ते म्हणाले. "आता लिहिलं तर चालतं. दिवा आण."

"काका, तुमचा हात..."

"माझा हात म्हातारा झाला आहे. घेऊन काय करतील? बस इथे. सांग."

त्यांनी माती मांडीवर थापून तळहाताएवढी पाटी केली. मी सांगत गेले, ते कांडी टोचत गेले. ही नुब्ता. रिमानी पाथरवट आणि बानीतू यांची मुलगी. एक वर्ष आणि सात महिने ती या घरात होती. पुढे जो कोणी इथे येईल त्याने तिला वाटीभर पाणी द्यावे, नावाने हाक मारावी आणि ही पाटी होती तिथे परत ठेवावी.

"आता शाप," काका म्हणाले.

"कसला शाप?"

"शेवटी शाप घालावा लागतो. जो माझं नाव पुसेल त्याचं नाव देव पुसोत, त्याचं बीज पृथ्वीवरून नाहीसं करोत. त्याशिवाय लेख पुरा होत नाही. लोक भितात ते त्याला."

"नको."

"अगं, नुसत्या विनंतीनं कोणी ऐकत नाही."

"लहान आहे ती, काका. तिच्या तोंडी शाप कसा घालू? लिहा, पाणी देणाऱ्याच्या घरी कोणी तहानलेलं राहू नये."

काका पुटपुटले, "आयुष्यात पहिला अर्धवट लेख." पण लिहिले तसेच.

तेवढ्यात हे आले. हातात पांढऱ्या दगडाची चीप होती, दोन वितींची. वाड्याच्या भिंतीसाठी आणलेल्या दगडातलीच. यांनी ती दिव्यापुढे धरली. दगडावर एक वाटी कोरली होती, वरून तिच्यात पाणी ओतणारा एक हात, आणि वाटीच्या काठावर बसलेली मधमाशी. पंखांच्या शिरासुद्धा काढल्या होत्या.

"मेंढपाळाला वाचता येत नाही," हे काकांना म्हणाले. "पण हे कळेल."

काकांनी चीप उलटसुलट पाहिली. "पाय सहाच आहेत," ते म्हणाले. "या वेळी मोजलेस वाटतं." आणि डोळे पुसले.

मग यांनी पाटी हातात घेतली. हजारो अक्षरे कोरली होती यांनी, पण कुठल्या खुणेत काय आहे ते कधी कळले नव्हते. "तिचं नाव कुठं आहे?"

काकांनी यांचे बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवले. माती ओली होती, म्हणून यांनी दाबले नाही. नुसते ठेवले.

पाटी नळीच्या तोंडाशी ठेवली आणि वर चीप बसवून कडांना डांबर भरले. पाणी जायला बोटभर फट राखली.

*

विसाव्याला पहाटे मी पाणी दिले, हाक मारली आणि म्हटले, "आम्ही जातो आहोत. तू इथेच राहा. कोणी तरी येईल." मुकादम दार काढायला आला. त्याने जमिनीतली चीप पाहिली. राजाचा दगड त्याला दुरूनही ओळखता येत होता.

मुकादम खाली बसला. मधमाशीवर पडलेला भुसा फुंकून टाकला. "इथं पाय देऊ नका रे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "पलीकडून जा." आणि दार खांद्यावर घेऊन निघून गेला.

संध्याकाळी आम्ही निनवेला पोचलो. जुने शहर, माणसांवर माणसे. नवे राजे मोठा वाडा बांधणार होते, रस्ते सरळ करणार होते, डोंगरातून पाणी आणणार होते. आम्हाला टेकाडाच्या उतारावर एक जुने घर मिळाले. दोन खोल्या, काळ्या पडलेल्या तुळया, जमिनीवर कुजलेली चटई.

एकविसाव्याला सकाळी मी वाटी भरली आणि हातात घेऊन उभी राहिले. घालणार कुठे? मी पाणी माठात परत ओतले. जेवले नाही. बाविसाव्याला तेच.

"जमिनीवर घाल," हे म्हणाले. "जमीन सगळी एकच आहे. पोचेल."

"जमिनीवर घातलं तर जमीन पिते."

"बानीतू, किती दिवस चालणार हे?"

"मला माहीत नाही, अहो."

तेविसाव्याला हे नव्या वाड्याच्या कामावर गेले. मला उठून उभे राहिले की अंधारी येत होती. काही तरी करायचे म्हणून मी कुजलेली चटई उचलली आणि जमीन झाडायला घेतली. मागच्या खोलीत, पूर्वेच्या कोपऱ्यात, एक वीट बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. तिच्यावर कुत्र्याच्या पायाचा ठसा होता. वीट वाळत असताना कुत्रे वरून चालत गेले की असा ठसा उमटतो. अशी वीट घराच्या पायात नाही तर भिंतीत घालून टाकतात. वर, दिसेल अशी कोणी ठेवत नाही. आणि कुत्रे म्हणजे माझ्या देवीचे.

मी विटेखाली बोटे घातली. ती सहज निघाली. खाली नळीचे तोंड होते, धुळीने भरलेले.

शेजारीण दारात धान्य निवडत बसली होती. मी तिला विचारले, "इथं आधी कोण राहत होतं?"

"ते ना? त्यांना पलीकडच्या वेशीबाहेर हलवलं. मग अजून कुठे तरी. आमच्या लग्नाआधीची गोष्ट. का गं? काही राहून गेलंय का त्यांचं?"

"नाही," मी म्हटले. "सहज विचारलं."

आता निनवेचा वाडा पुरा होऊनही पुष्कळ वर्षे झाली आहेत. यांनाही या घराखाली ठेवून सहा हिवाळे गेले. यांची नळी वेगळी आहे, मागच्या खोलीतच, पश्चिमेच्या भिंतीजवळ. मी रोज आधी पूर्वेच्या कोपऱ्यात जाते, मग यांच्याकडे. यांना उशीर झाल्याचे कधी वाईट वाटायचे नाही. दूर-शर्रुकीनला आम्ही गेलो तोवर, मी म्हटले होते तसे, गल्लीच ओळखू येईना. चीप सापडली नाही. कोणी उचलून नेली, की मातीखाली जागच्या जागी आहे, मला कळले नाही.

पण त्या तेविसाव्याची दुपार मला स्वच्छ आठवते. नळीतली धूळ मी काडीने काढली, फुंकर घातली. वाटी भरून आणली. भाकरीचा तुकडा मोडला. पाणी हळूहळू घातले आणि ते खाली जाताना ऐकू आले. कोरड्या नळीत पहिल्यांदा पाणी गेले की घोट घेतल्यासारखा आवाज येतो.

मग हाक मारायची वेळ आली आणि मला नाव माहीत नव्हते. लहान की मोठे, बाई की पुरुष, तेही नाही. विटेवर कोणाला लिहिता आले नव्हते. आधीच्या घरातल्यांनी फक्त ती वेचून वर ठेवली होती, पुढच्या माणसाला दिसावी म्हणून.

मी ठशावर हात ठेवला. आणि म्हटले, "ये बाळा. पी."

वीट जागेवर ठेवली. मग हात धुऊन चुलीपाशी बसले आणि उरलेली भाकरी खाल्ली.